नातीची रुईची बंडी

अंगणात लोखंड वाजलं का मी आधी कान देतो. ताट पडलं, बादली पडली, त्याचा आवाज निराळा. तलवारीचा निराळा. तो वाजून झाल्यावरही उलसाक वेळ हवेत राह्यते.

तलवार माह्या नातीची आहे. लोखंडाचीच आहे, पण धार नाही. टोक घासून गोल केलं आहे. खिडकीपाशी खुट्टीले टांगलेली राह्यते, तिच्या दवाखान्याच्या ओढणीच्या बाजूले.

माही पोरगी तापानं गेली तवा ही नात रांगत होती. बापानं दुसरं घर केलं. मी तिले पांढुर्ण्याले घेऊन आली. लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाय तवा कडेच्या धुऱ्यावरच्या बाभळीले लुगड्याची झोळी बांधो, तिच्यात हिले टाको, अन् ओळीनं वेचत वेचत पुन्हा झोळीपाशी येवो. अशी वाढली. बारावी झाली. आता एका डॉक्टरच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. शांत पोरगी. नळावर कोनी तिची बादली सरकवली तरी बोलत नाही. अन् ह्या पोरीनं लढाईचा नाद धरला.

एक दिवस पाह्यतो तं ओसरीवर बसून, दोन पकडी घेऊन, तारेच्या कड्या एकीत एक गुंतवून राह्यली. बाजूले कड्यायचा ढीग.

म्हटलं, "हे काय वो बाई? बकरीची साखळी का?"

"चिलखत आहे आजी."

"कायले?"

"घालाले."

"घालून कुठी जाशीन?"

"लढाले," म्हणे, अन् हसली.

मले हसू नाही आलं. मंग तिनं सगळं सांगतलं. सौंसर, मोहगाव, पांढुर्णा इकडचे पोरं-पोरी आहेत. कोनी दुकानात, कोनी मास्तर, कोनी संत्र्याच्या गाड्या भरते. हप्ताभर आपलं काम करतात अन् रविवारी मोहगावजवळच्या एका पडीत वावरात जुन्या काळच्या लढाया खेळतात. अर्धे देवगडच्या गोंड राजाकडची फौज, अर्धे नागपूरकडची फौज. अंगात कड्यायचा सदरा, डोस्क्यावर लोखंडी टोप, हातात ढाल. शिकवणारा आमच्याच गावातला, घरोघरी वायरिंग करणारा माणूस. त्याले सगळे उस्ताद म्हणतात. जुन्या काळी कसे टोप होते, ढाल कशी धरत, हे तो मोबाईलवर पाह्यते, म्युझियममंदी जाऊन पाह्यते, अन् तसंच्या तसं बनवते.

"मारतात का खरोखर?" म्हटलं.

"खरोखर मारतात. पण हात राखून."

हात राखून. हे ऐकून मले माहा माणूस आठवला.

आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठावरून दोन गावचे लोक एकमेकायले गोटे मारतात. मी नवी नवरी होती तवा माहा माणूस गेला होता तिथी. जेवून, पान खाऊन, हसत गेला. त्याले उचलून आणलं तवा त्याच्या तोंडावर गुलाल आहे का रक्त, हे मले समजेना. एक डोळा गेला. राह्यलेल्या डोळ्यानं अंदाज येईना, गाडीवर गठान चढवतानी पाय चुके, मंग कोनी कामावर घेईना. तवापासून घर मीच ओढलं. रडली नाही. टाईम नव्हता. पण तोही खेळ म्हणूनच गेला होता, कोन्या दुश्मनीनं नाही. हे मी नातीले सांगतलं.

ती म्हणे, "आजी, तिथी नियम नाही. आमच्यात नियम आहे."

"कोनता नियम?"

"लागला का आपणच म्हणाचं, 'लागला.' म्हटलं का गुडघा टेकाचा, ढाल खाली. संपलं. पुढचा माणूस मंग हात उचलत नाही."

"अन् पंच?"

"पंच नाही. उस्तादही बोलत नाही. ज्याले लागलं त्याचंच तोंड. अंगाले तं समजतेच ना, लागला का नाही."

"अन् कोनी लबाडी केली तं?"

"त्याच्यासंग मंग कोनी खेळत नाही. एकही नाही." हे सांगतानी तिचं तोंड असं झालं का जसं कोनाचं मयत सांगून राह्यली.

मी त्या नियमाकडे काही ध्यान दिलं नाही. माह्या डोस्क्यात डोळा बसला होता.

पुढं एकदा ती म्हणे, कड्यायच्या सदऱ्याखाली रुईची बंडी घाला लागते. नुसत्या कड्या अंगात रुततात. पातळ रुईचा थर, वरखाली कापड, उभे टाके. जुन्या काळचे शिपाईही अशीच घालत. सौंसरच्या टेलरकडे टाकतो म्हणे.

मी म्हटलं, "टेलरले काय समजते रुईचं? मी शिवतो."

जन्मभर कापसात हात. सरकी काढणं, पिंजणं, गोधडी भरणं, हे मले कोनी शिकवा नाही लागत. शेवटचा कापूस, जो मालक वेचत नाही, झाडावरच सोडून देते, त्याले आम्ही फरदड म्हणतो. तो मी दरसाल वेचून आणतो. घरात पोतं भरून होतं. माह्या जुन्या लुगड्याचं कापड घेतलं अन् बसली.

उस्तादानं बोटभर जाडी सांगतली होती. मी बोटभर भरली. नात दवाखान्यात गेली का बंडी मांडीवर घेऊन बसो. छातीवर हात ठेवून पाहो. वाटे, इथं लागलं तं? शिलाई उसवो, मूठभर रुई अजून टाको, टाका घालो. मंग वाटे बरगडी. बरगडीवर टाको. मंग खांदा, कारण तलवार वरूनच येते. खांद्यावर तं मी इतकी भरली का तिथी कबुतर बसल्यासारखं दिसे. जितकी रुई जाय तितकं माह्या जिवाले उलसं बरं वाटे. दाभण घुसवलं, तं त्याचं टोक पल्याड निघेना. तवा थांबली.

शेजारीण आली पाहाले. बंडी दाबून म्हणे, "वो बुढे, नातीले लढाले पाठवून राह्यली का झोपाले?"

म्हटलं, "जाय वो, तुह्या पोराले शिवून देऊ का एक?"

"माह्या पोराले मारणारी मीच आहे, मले उलटं पडन ते," म्हणे, अन् चहा पिऊन गेली.

नातीनं बंडी घातली, वरून कड्यायचा सदरा ओढला. हात वर केला तं अर्ध्यातच अडकला.

"आजी, जास्त झाली वाटते."

"रुई बसन मंग. नवी आहे."

"लई गरम होते."

"हिवाळाच आहे."

तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. तशीच घातली.

त्या रविवारी मी म्हटलं, मीही येतो. नात खूश झाली. सौंसरपर्यंत बस, तिथून मोहगावच्या रस्त्यानं ऑटो. संत्र्याचा बगीचा संपला का ते वावर. दोरी बांधून जागा आखली होती. पोरायनं मले खुर्ची दिली, चहा दिला. उस्ताद येऊन पाया पडला. एक पोरगं म्हणे, "आजी, तुमाले देऊ का एक तलवार?"

"दे," म्हटलं, "पह्यले तुलेच झोडपतो."

सगळे हसले. मीही हसली, पण खुर्चीचा हात मी सोडला नव्हता. त्यायनं टोप घातले अन् सगळ्यायचे तोंडं झाकले. आत्ता चहा देणारं पोरगं कोनतं, मले वळखू येईना. टोपाच्या खालून मानेवर कड्यायची झालर लोंबते, मान झाकाले. चालले का ते सगळं लोखंड वाजे. माह्या मांडीवर भाकरीचा डबा होता. मी त्याच्यावर हात दाबून धरला.

पह्यले सगळ्यायची मिळून लढाई झाली. धावले, ढाली आपटल्या, "लागला!" "लागला!" असे आवाज आले, अन् एक एक गुडघ्यावर बसत गेला. मी नातीचा टोप शोधत राह्यली. गर्दीतून ती उभीच निघाली. मले वाटलं, चला, वाचली.

मंग दोघा-दोघायचे डाव. नातीच्या पुढं सौंसरचा एक उंच पोरगा आला. ट्रकवर संत्र्याच्या पेट्या चढवणारा. बोलाले गरीब, मघा त्यानंच मले खुर्ची सावलीत सरकवून देली होती. पण त्याचे हात म्हंजे मुसळं.

दोघायनं तलवारी कपाळाले लावल्या. सुरू.

त्याचा पह्यला वार नातीच्या बरगडीवर बसला. धप आवाज आला. मले खुर्चीत बसल्या-बसल्या लागला. नात थांबली नाही. उलट तिनंच ढाल पुढं केली.

तो थांबला. म्हणे, "लागला ना?"

"नाही," ती म्हणे.

तो मागं सरकला, पुन्हा आला. खांद्यावर मारलं. धप. नात उभी.

"आता तं लागला ना बाई?"

"नाही ना लागला!"

मंग माह्या मागून एक जण हळू म्हणे, "पांढुर्ण्याची पोरगी निबर आहे बे." दुसरा म्हणे, "निबर नाही, लबाड आहे. मघाही दोन खाऊन उभी होती." मी उस्तादाकडे पाह्यलं. तो हात बांधून उभा. नियमच तसा. ज्याले लागलं त्याचंच तोंड.

अन् तवा मले समजलं. ती लबाड नव्हती. तिले लागतच नव्हतं. मी लागू देलं नव्हतं. मुठी-मुठीनं रुई भरली, तिच्या अंगाले समजण्याची जागाच मी बुजवून टाकली होती. अन् पुढच्याले वाटे, ही खोटं बोलून राह्यली. त्याचा हात आता राखलेला नव्हता. तिले कबूल कराले लावाचं म्हणून तो मारून राह्यला होता.

मी ओरडाले तोंड उघडलं. आवाज निघेना. उठली, डबा मांडीवरून पडला, भाकरी मातीत गेल्या. दोरीखालून वाकून मी आत गेली. कोनी म्हणे, "आजी, आत नोको, आजी!" माह्या डोळ्यापुढं फक्त तिचा खांदा. रुईनं फुगलेल्या खांद्यावर ती कड्यायची झालर टेकून वर उचलली गेली होती, अन् कानाखाली मान उघडी पडली होती. मले दुरून ते नव्हतं दिसलं. जवळ गेल्यावर दिसलं. अन् त्याची तलवार वर गेली होती.

वार खांद्यावर बसला, रुईवरून घसरला, अन् झालरीच्या खालून आत गेला.

नात पडली. ढाल एकीकडे, ती एकीकडे. मी तिथंवर कशी पोचली ठाऊक नाही. गुडघ्यावर बसली, टोप काढाले गेली तं बंद सुटेना. बोटं ओली लागली. लाल. मले वाटलं, संपलं. झोळीत वाढवलेली पोर ह्या पडीत वावरात संपली.

मंग ती म्हणे, "आजी, तू मधात काऊन आली? लागन ना तुले."

उस्तादानं टोप काढला. कानामागं फाटलं होतं. कान जाग्यावर होता, डोळा जाग्यावर होता. मी दोन्ही डोळ्यापुढं बोटं धरून धरून विचारलं, "दिसते का? हे दिसते का?"

"दिसते वो आजी. बोट काढ, डोळ्यात जाईन."

तो सौंसरचा पोरगा तलवार टाकून उभा होता. म्हणे, "मी दोनदा विचारलं. ती नाही म्हणे. मी काय करू?"

मागून कोनी म्हणे, "पह्यल्याच वारात म्हटलं असतं तं झालं असतं का हे?"

तवा माहा आवाज निघाला. "तिले लागलंच नाही बाप्पा," मी म्हटलं. "ती खोटं नाही बोलली. मी रुई भरली. दाबून पाहा."

उस्तादानं तिच्या खांद्यावर पंजा ठेवला अन् दाबला. दाबतच राह्यला. त्याचं तोंड उतरलं. म्हणे, "ही बंडी आहे का गादी? मीच पाह्याले पाह्यजे होती. आजीनं शिवली म्हणून मी हातच नाही लावला."

नात माह्याकडे पाहून राह्यली. "आजी, किती भरली?"

"होती नव्हती तितकी."

सौंसरले दवाखान्यात नेलं. कानामागं टाके पडले. आत ती, भाईर मी बाकड्यावर. तो पोरगा दारापाशी उभा, टोप अजून काखेत. म्हणे, "आजी, मले शिव्या द्या."

"शिव्यायनं काय होते? पाणी आन तिच्यासाठी," म्हटलं.

तो धावत गेला. मले मनात बरं वाटून राह्यलं होतं, खोटं कायले बोलू. वाटे, आता झालं. आता नाही जाणार. टाके पडले, पण ह्याच्यावर सुटलो.

घरी आल्यावर मी बंडी उचलून कोपऱ्यात टाकली. म्हटलं, "सोड आता बाई हे."

ती कानाले हात लावून बसली होती. म्हणे, "सोडलं तं काय म्हणतीन ते? लबाड होती म्हणून सोडून गेली."

"मी सांगतलं ना सगळ्यायले."

"तू आजी आहेस माही. तू सांगशीनच." मंग म्हणे, "कान भरून येईन. पण दोघं जण अजूनही म्हणत असतीन. मले पुन्हा उभं राहाचं आहे. लागला का लागला म्हणाचं आहे, सगळ्यायपुढं."

म्हटलं, "अन् डोळा गेला तं?"

"टोप आहे. झालर आहे. उस्ताद पाह्यते. हात राखून मारते तो पोरगा, त्याले मी सांगतलं तं. पण आजी, मले समजलं पाह्यजे ना कोनी मारलं ते."

पुढचे दिवस असेच गेले. ती दवाखान्यात जाय, येय, कानाले दवा लावे. मी बंडीकडे पाहो. कोनाकडूनही उसवून घेता आली असती तिले. ती माह्यासाठी थांबून राह्यली होती, हे मले समजत होतं, अन् त्याचंच मले जास्त भेव वाटे. कारण मीच रुई काढली अन् मंग काही झालं तं?

टाके निघाले त्या दिवशी दुपारी मी ब्लेड घेतलं अन् शिलाई उसवली. तिले म्हटलं, "घाल अंगात."

तिनं नुसती बंडी घातली, अंगणात उभी राह्यली. शिकताना वापरतात ती लाकडी तलवार तिनं माह्या हातात देली. "मार, आजी. नुसतं ठेवू नोको, मार. मले लागन तवा मी सांगन."

मी बरगडीवर मारलं. माह्या डोळ्याले पाणी. ती म्हणे, "नाही." मी फटीतून हात घालून मूठभर रुई काढली, सुपात टाकली. पुन्हा मारलं. "नाही." पुन्हा काढली. शेजारीण भिंतीवरून डोकावली, म्हणे, "वो बुढे, भर दुपारी पोरीले कायले बदडतं?" मी तिच्याकडे पाह्यलं नाही. खांद्यावर मारलं. "नाही आजी." काढली. सूप भरत आलं. बंडी आता अंगाले बसाले लागली होती. खाली तिचं हाड कुठी आहे ते मले दिसाले लागलं, अन् ते पाहून तं मले पुढं मारणंच होईना.

"मार," ती म्हणे.

मारलं.

"लागला," ती म्हणे, अन् गुडघा टेकला.

मी लाकूड टाकून तिच्यापाशी गेली. "लई लागला का? कुठी? दाखव."

"नाही वो. समजला, इतकाच."

तिथंच अंगणात बसून मी शिलाई घातली. सुईत दोरा जाईना, तिनंच ओवून देला. ओवता ओवता म्हणे, "रविवारी येशीन ना?"

"येतो," म्हटलं. "पण दूर बसन. बगीच्याच्या धुऱ्यापाशी."

"तिथून काय दिसन तुले?"

"मले कायले पाहा लागते? तू 'लागला' जोरानं म्हणत जाय, म्हंजे झालं."